फावडेसरदाराची कैफियत

मराठी मध्यमवर्गीय घरात एखादी नवी करमणूक शिरली, की ती कशी असते हे पाहण्याच्या आधीच ती मुलांना योग्य आहे किंवा कसे याची चौकशी सुरू होते, आणि त्या करमणुकीशी ज्यांचा काडीचाही संबंध आलेला नाही अशा वडीलधाऱ्यांची साक्ष त्या चौकशीत सर्वांत ग्राह्य मानली जाते. कादंबरी, नाटक, बोलपट, रेडिओ सिलोनवरची गाणी आणि दूरदर्शन ही सर्व मंडळी या कचेरीच्या पायऱ्या चढून गेलेली आहेत. पैकी कादंबरी दीर्घ नजरकैदेनंतर सन्मानाने मुक्त झाली, इतकी की हल्ली मुलांनी ती निदान उघडून तरी पाहावी म्हणून घरातली थोर माणसे हात जोडत असतात. बोलपटाचा निकाल परीक्षा संपेपर्यंत तहकूब राहण्यातच त्याची उमर सरली. आणि दूरदर्शनवरचा खटला, आरोपी वार्धक्याने गलितगात्र झाल्याचे पाहून, दयाबुद्धीने काढून टाकण्यात आला.

सांप्रत आमच्या घरी चौकशी चालू आहे ती शॉव्हल नाइट नावाच्या एका व्हिडिओ गेमची. निळे चिलखत घातलेला, शिंगांचे शिरस्त्राण मिरवणारा आणि तलवारीच्या जागी फावडे वागवणारा एक बुटका सरदार पडद्याच्या डावीकडून उजवीकडे उड्या मारीत जातो, वाटेत मातीचे ढिगारे उपसून रत्ने गोळा करतो, फावडे खाली रोखून शत्रूंच्या टाळक्यावर उसळ्या घेतो आणि बहुतेक वेळा खड्ड्यात पडून मरतो, असा या खेळाचा सारांश आहे. खेळ २०१४ सालचा असला तरी त्याचा सारा थाट मुद्दाम १९८०-९०च्या दशकांतला राखलेला आहे: चित्रे चौकोनी ठिपक्यांची, संगीत त्या काळच्या यंत्रांतून निघावे तसे किणकिणते, आणि अवघडपणाही त्याच घराण्याचा. माझी नऊ वर्षांची नात हा खेळ खेळते. ती त्यात सारखी मरते, ही तिच्या आईची तक्रार. आणि "बाबा, तुम्ही आता मोकळेच आहात, तर जरा बघा ना हे पोरांना बरं आहे का," अशा मोघम हुकुमान्वये हे प्रकरण माझ्याकडे वर्ग झाले आहे. सेवानिवृत्त माणसाकडे घरातली जी कामे येतात त्यांत दळण आणण्याच्या खालोखाल बौद्धिक असे हेच काम असावे.

प्रथम मी अधिकृत दाखला पाहिला. अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००३ पासून अशा खेळांवर वयाचा शिक्का मारण्याची रीतसर व्यवस्था आहे. रक्त किती सांडते, शिव्या कोणत्या दर्जाच्या आहेत, जुगाराचा वास येतो काय, या गोष्टी तपासून तो शिक्का मारला जातो. या व्यवस्थेविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु खेळणाऱ्याने एका खड्ड्यात किती वेळा पडावे याचा रकाना त्या तक्त्यात नाहीच. म्हणजे ज्या मुद्द्यावर आमच्या स्वयंपाकघरात वादळ उठले होते नेमका तोच मुद्दा दोन्ही खंडांच्या कचेऱ्यांनी आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे, ही गोष्ट एक निवृत्त सरकारी नोकर या नात्याने मला मुळीच अपरिचित वाटली नाही.

मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून बाहेर पडलो. त्यामुळे कुठेही जाच दिसला की त्याच्या मुळाशी कोणता वसूल आहे हे आधी पाहण्याची खोड मला जडली आहे, आणि या खेळांच्या अवघडपणाचे दफ्तर चाळता तिथेही प्रथम वसूलच निघाला. या घराण्याचे जुने खेळ मुळात घरचे नव्हतेच. ते पार्लरमधल्या कपाटाएवढ्या यंत्रांवर नाणे टाकून खेळायचे होते, आणि एका नाण्यावर जो इसम तासभर उभा राहील तो मालकाच्या दृष्टीने गिऱ्हाईक नसून अतिक्रमण होय. सबब खेळणारा दोन-चार मिनिटांत मेला पाहिजे, पण 'थोडक्यात हुकलं' असे त्याला वाटून त्याचा हात पुन्हा खिशात गेला पाहिजे, इतक्या नाजूक मापाने मरण बेतलेले असे. १९८५ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने काढलेल्या 'घोस्ट्स एन गॉब्लिन्स' या खेळात ही कला कळसाला पोचली. त्यातल्या सर आर्थर या वीराला पहिला धक्का लागला की चिलखत गळून तो नुसत्या चड्डीवर उभा राहतो, आणि दुसरा लागला की त्याचा सापळा होतो. एवढे सोसून कोणी शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलाच, तर हा सगळा सैतानाने रचलेला आभास होता असे त्याला कळवण्यात येते आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा चढण्यास फर्मावण्यात येते. आमच्या खात्यातदेखील अर्जदाराला इतक्या थंडपणे परत पाठवणारी माणसे मी फार थोडी पाहिली.

पुढे हे खेळ घरच्या टीव्हीला जोडण्याच्या यंत्रावर आले, नाणे गेले, पण आकार कायम राहिला. त्याला एक कारण जागेची टंचाई. १९८५ साली निन्टेन्डो कंपनीने काढलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा बत्तीस टप्प्यांचा सबंध खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. त्यातले ढग आणि झुडपे हे एकच चित्र असून एकदा पांढरे व एकदा हिरवे रंगवलेले आहे, आणि आपल्या नातवंडांना आपण मोबाइलवर जे छायाचित्र पाठवतो त्या एका छायाचित्राच्या जागेत असे खेळ डझनावारी मावतील. एवढ्याशा शिध्यात मुलाचे वर्षभर भागवायचे तर घास कठीण करणे प्राप्तच होते. दुसरे कारण अधिक व्यवहारी. अमेरिकेत या खेळांच्या कॅसेटी दुकानातून भाड्याने मिळत. मुलाने दोन दिवसांत खेळ संपवून परत केला तर विकत कोण घेणार? १९९४च्या 'लायन किंग' या खेळाचा दुसराच टप्पा, ज्यात माकडे सिंहाच्या छाव्याला इकडून तिकडे भिरकावतात, तो याच धास्तीने मुद्दाम जड करण्यात आला, हे तो खेळ बनवणाऱ्या वेस्टवुड कंपनीचे लुई कॅसल यांनी पुढे स्वतःच सांगून टाकले. म्हणजे ज्या माकडांपुढे एक सबंध पिढी रडली ती माकडे कोणत्याही शिक्षणशास्त्राने नव्हे, तर भाडेकरूंविषयीच्या भयाने तिथे बसवलेली होती.

खुद्द कारखानदारांनाही आपला माल नेहमी पेलत असे म्हणावे, तर तसेही नाही. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ साली 'ग्रॅडिअस' हा विमानयुद्धाचा खेळ घरच्या यंत्रासाठी उतरवीत असता त्यांना तो तपासण्यापुरताही जमेना. तेव्हा ठरावीक क्रमाने बटणे दाबली की सगळी आयुधे फुकट मिळावीत अशी एक मागची वाट त्यांनी स्वतःपुरती पाडली, ती बुजवायची राहून गेली, आणि त्या वाटेने जगभरची मुले आत शिरली. तोच मंत्र पुढे 'कॉन्ट्रा' या खेळात तीस आयुष्ये देऊ लागला. आणि लायक-नालायकीचा जाहीर निवाडा पाहायचा तर तो १९८६ सालीच जपानात निघालेल्या मारिओच्या दुसऱ्या भागाचा पाहावा. त्यात बळ देणाऱ्या अळंब्यांच्या शेजारीच विषारी अळंबी उगवत, आडवा वारा सुटे, आणि पुढच्या जगात पोचवणाऱ्या चोरवाटांमध्ये मागच्या जगात नेऊन टाकणाऱ्या चोरवाटाही मिसळलेल्या असत. निन्टेन्डो कंपनीच्या अमेरिकेतील शाखेत हॉवर्ड फिलिप्स नावाच्या गृहस्थांनी तो खेळून पाहिला आणि तो फार अवघड असल्याचा प्रतिकूल अभिप्राय दिला. त्यावर शाखेने दुसराच एक जपानी खेळ घेऊन त्यातल्या पात्रांना मारिओमंडळींचा पेहराव चढवला आणि १९८८ साली तोच 'दुसरा भाग' म्हणून अमेरिकन बालकांच्या हाती ठेवला. मूळ खेळ तिकडे पोचला १९९३ साली. तोवर ज्या बालकांच्या कोमल मनाची काळजी वाहण्यात आली होती त्यांना मिसरूड फुटले होते.

आमच्याकडच्या बालकांसाठी असा कोणी फिलिप्स नेमलेला नव्हता. १९९०-२०००च्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत जी यंत्रे आली ती बहुतांशी मूळ जपानी यंत्राच्या नकला होत्या. सोबत माहितीपुस्तक नसे, आणि कॅसेटवर '९९९९९९ इन १' असा आकडा छापलेला असला तरी आत तेच दहा-बारा खेळ वेशांतर करून पुन्हा पुन्हा भेटत. कॅसेट लागली नाही तर ती काढून तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र रत्नागिरीपासून चंद्रपूरपर्यंत कोणी न शिकवता पसरले. मधे जपून ठेवण्याची सोय मारिओत नव्हती. खेळ एका बैठकीत संपवायचा, आणि मारिओ शेवटच्या किल्ल्याच्या दारात उभा असताना भारनियमनाची वेळ झाली की किल्ला, राजकन्या आणि सुटीची दुपार ही सर्व एकदम अंधारात जात. त्या पिढीने वीज मंडळाला जे शिव्याशाप दिले असतील ते असोत, पण 'हा खेळ आम्हांला योग्य आहे काय' असे विचारल्याचे मात्र कोणाच्या स्मरणात नाही.

तीच मुले आज आई-बाप झाली आहेत आणि हा प्रश्न विचारीत आहेत. आमचे जावई त्यांतलेच. कॉन्ट्राचा तो मंत्र त्यांना अजून मुखोद्गत आहे आणि पाहुण्यांपुढे ते तो म्हणून दाखवतात. "हे हल्लीचे गेम म्हणजे काहीच नाहीत हो बाबा," असे म्हणून एका रविवारी त्यांनी मुलीच्या हातातून कंट्रोलर घेतला. खेळात एक पंखेवाला सरदार आहे. त्याच्या उडत्या गलबतावर वारा सुटतो आणि फळ्यांच्या मधल्या पोकळीतून वीर थेट आकाशात जातो. जावईबापू तसे गेले. पुन्हा गेले. मग कंट्रोलरचे बटण अडकते असे त्यांनी जाहीर केले, मग टीव्हीच्या चित्राला किंचित विलंब लागतो असे तांत्रिक कारण दिले, मग उजेडाची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून पडदा ओढवला, आणि सरतेशेवटी कार्यालयाचा फोन यायचा आहे अशी सबब सांगून ते गॅलरीत निघून गेले. नात शांतपणे पुढे सरकली, पडदा उघडला आणि त्याच अडकणाऱ्या बटणावर गलबत पार करून गेली.

आता या फावडेसरदाराच्या मरणाची कलमे पाहू, कारण निकालाचा सारा भर त्यांवर आहे. हा खेळ यॉट क्लब गेम्स नावाच्या अमेरिकेतील छोट्या मंडळीने २०१३ साली लोकवर्गणीतून उभा केला. ७५ हजार डॉलर मागितले, तीन लाख अकरा हजारांवर जमले. वर्गणी आधीच पोचलेली असल्यामुळे म्हणा किंवा स्वतः लहानपणी पोळलेले असल्यामुळे म्हणा, या मंडळीने जुन्या खेळांची चढण ठेवली पण पथकर उठवला. इथे मोजून दिलेली आयुष्ये नाहीत. सरदार मेला की त्याच्या तिजोरीतला काही हिस्सा तीन थैल्यांत भरून, त्या थैल्यांना पंख फुटून, मरणाच्या जागी तरंगत राहतो. परत तिथवर जाऊन त्या पकडल्या तर रक्कम सव्याज नसली तरी पुरी वसूल होते, आणि वाटेत दुसऱ्यांदा मेले तर ती बुडते. दंड ऐपतीप्रमाणे, अपिलाला एक संधी, आणि निकाल जागच्या जागी: इतके रास्त कलम मी उभ्या नोकरीत अंमलात आणलेले नाही.

त्याहून गमतीचे आहे ते मुक्कामाच्या गोळ्याचे कलम. टप्प्याच्या मधे मधे काचेचे उजळणारे गोळे असतात. मेल्यावर शेवटच्या गोळ्यापासून पुन्हा सुरुवात मिळते. पण तो गोळा फावड्याने फोडताही येतो, आणि फोडला तर आतून रत्ने निघतात, मात्र मुक्काम गेला. माझी नात अशा एका गोळ्यासमोर उभी राहिलेली मी पाहिली. तिने तिजोरीतली रक्कम वाचली, गावातल्या दुकानातले नवे चिलखत कितीला आहे ते आठवले, पुढच्या खड्ड्याचा अंदाज घेतला, अंगठ्याचे नख दातांत धरले, आणि "आजोबा, फोडू?" असे विचारले. मी तिला विचारविनिमयाने आणि पूर्वपीठिका तपासून निर्णय घेण्याचा सल्ला देत होतो, तोवर तिने गोळा फोडलाही होता. पुढच्या खड्ड्यात ती पडली. कोणाला बोल न लावता अर्धा टप्पा मागे जाऊन पुन्हा चालू लागली. ठेवीवर जादा व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या पतसंस्थांत आयुष्याची पुंजी ठेवणाऱ्या काही सुशिक्षित गृहस्थांना हा गोळा लहानपणीच भेटला असता तर बरे झाले असते.

मुलांना अवघडाचा त्रास होतो हा समज मोठ्यांचा आहे; मुलांना त्रास होतो तो अन्यायाचा. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावे सांगितला जाणारा मोक्षपट, ज्याचा वंशज सापशिडी म्हणून आपल्या घरोघर आहे, त्यात वैकुंठाच्या उंबऱ्यावर पोचलेल्या जिवाला साप गिळतो आणि तळाशी आणून ओकतो, आणि यात त्या जिवाची कसूर इतकीच की कवड्यांचे दान तसे पडले. तात्पर्य म्हणून ते थोर आहे, पण आमच्या घरात सापशिडीचा पट जितक्या वेळा उधळला गेला तितक्या वेळा फावड्याचा डाव टाकून कोणी उठलेले मला आढळले नाही. फावडेसरदार पडतो तो खेळणाऱ्याच्या बोटाने पडतो. खड्डा कालच्या जागीच आज असतो, शत्रू कालच्याच पावलाने येतो, आणि उद्याही ते तसेच राहतील याची मुलांना खात्री असते. घरातल्या नियमांबद्दल अशी खात्री त्यांना देता येईल काय, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते पाहावे.

राग मात्र येतो. एकदा नातीने कंट्रोलर फेकला. परंतु फेकण्यापूर्वी तिने खोलीत नजर फिरवून सोफ्यावरची सर्वांत मऊ उशी निवडली, यावरून क्रोध काबूत असल्याचा शेरा मी नोंदवला. खरी घालमेल होते ती पाहणाऱ्यांची. तिची आजी जपमाळ घेऊन शेजारी बसते आणि दर खड्ड्याला "अगं बाई, पडला की गं पुन्हा!" म्हणून मणी चुकवते. एक बुटका कारागीर सरदार पाने फेकीत येतो तेव्हा "त्याला नको मारूस, पोरसवदा दिसतोय," अशी तिने रदबदली केली. तोच एका अजस्र यंत्रात बसून परतला तेव्हा तिने आपली रदबदली तत्क्षणी मागे घेतली. मात्र मधून मधून फावडेसरदार शेकोटीपाशी झोपतो आणि हरवलेली जोडीदारीण आभाळातून खाली कोसळत असल्याचे स्वप्न पाहतो. ते दृश्य आले की आजी माळ खाली ठेवते. "झेल गं, झेल तिला," एवढेच म्हणते. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक या खेळाच्या विरुद्ध आहेत, कारण त्यांच्या मते त्यातून अपयशाची सवय लागते. त्यांच्या शाळेत ती सवय विनामूल्य लावली जात असे, हे त्यांचे जुने विद्यार्थी मला सांगतात.

विरुद्ध बाजूचे जे खरे आहे तेही नोंदवतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला या उड्या साधत नाहीत. त्याच्या हाती हा खेळ देणे म्हणजे केवळ मोठ्या भावाची बढाई मारण्याची सोय करणे होय. अशांसाठी, आणि ज्यांना पराभव झोपेतही छळतो अशा हळव्या मुलांसाठी, २०१८ सालच्या 'सेलेस्ट' या डोंगर चढण्याच्या खेळातली तजवीज मला पसंत पडली: त्यात खेळाची गती निम्म्यापर्यंत मंद करता येते, दम अखंड ठेवता येतो, फार काय मरणही बंद करता येते, आणि त्याबद्दल खेळ चकार शब्द टोचून बोलत नाही. जेवणाची पाने वाढली की नेमका टप्पा अर्ध्यावर असतो ही तक्रार खरी आहे, पण हल्लीची यंत्रे जागच्या जागी झोपवता येतात आणि जेवणानंतर सरदार त्याच उडीत अधांतरी सापडतो. तेव्हा "एवढी लेव्हल, आई" ही सबब नामंजूर. संशयच घ्यायचा तर तो फोनवरच्या त्या फुकट खेळांचा घ्यावा, ज्यांत मूल कधीच हरत नाही, दर मिनिटाला त्याची पाठ थोपटली जाते, आणि पाचव्या दिवशी बापाच्या खात्यातून पैसे गेल्याचा संदेश येतो. पार्लरच्या मालकाने नाण्यासाठी निदान एक खरा खड्डा तरी खणला होता.

सबब हुकूम येणेप्रमाणे. आठ-नऊ वर्षांवरील मुलांना फावडेसरदार देण्यास हरकत नाही. त्याखालील मुलांनी मोठ्या माणसाशेजारी बसून खेळावा. शाळेच्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर नवा टप्पा उघडू नये. आणि मूल खड्ड्यात पडत असता त्याच्या हातून कंट्रोलर काढून घेण्याचा अधिकार आई, बाप, आजोबा अथवा जावई यांपैकी कोणासही राहणार नाही. या खेळाच्या हल्लीच्या आवृत्तीत दोघांना मिळून खेळता येते, म्हणून ज्या पालकांना देखरेख ठेवायचीच असेल त्यांनी दुसरा कंट्रोलर घेऊन ती ठेवावी, फक्त मुलाने उपसलेल्या ढिगाऱ्यातली रत्ने आधी धावून उचलू नयेत.